शर्यतीच्या गाडीचा कडता

वेग ही माणसाच्या हातातली गोष्ट नाही, वजन आहे. वजन कमी केलं की वेग आपोआप वाढतो असं शास्त्र सांगतं, आणि शास्त्रानं सांगितलं नसतं तर उत्तमरावांनी सांगितलंच असतं. उत्तमराव हे जवळा बाजारातले आडते. सोयाबीन आणि कापूस यांच्याखेरीज ते ज्या विषयांवर अंतिम मत देतात त्यांत पाऊस, लग्नं, गुडघेदुखी आणि यंदापासून मोटारसायकलची शर्यत येते. 'जवळा बाजार मोटारसायकल शर्यत सज्जता समिती'चे ते अध्यक्ष आहेत, मी चिटणीस. दीडशे सीसीची साधी गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी आमच्याकडं कशी तयार करतात, याबद्दल बाहेर बराच गैरसमज आहे (बाहेर म्हणजे औंढ्याच्या पलीकडं). तो दूर व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

सुरुवात सरितापासून झाली, हे मान्य केलं पाहिजे. सरिता ही भीमराज गुरुजींची मुलगी. बियाण्याच्या एका कंपनीत कामाला आहे, त्यामुळं दिवसभर दीडशे सीसीच्या गाडीवर बांधाबांधानं फिरते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीतून जी गाडी न घसरता काढते, तिला डांबर म्हणजे सतरंजीच. कुठल्याशा निवड चाचणीला ती कुणाला न विचारता जाऊन आली आणि निवडली गेली. दक्षिणेतल्या एका खऱ्या ट्रॅकवर नवख्यांची शर्यत होती, तिचं बोलावणं आलं. या गटाला पंचविशीची मर्यादा होती आणि सरिताला पंचविसावं चालू होतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. पण नियमात एक चांगली तरतूद होती: एकट्यादुकट्याला प्रवेश नव्हता. संघ लागत होता, संघाला प्रमुख लागत होता, आणि शर्यतीच्या सकाळपर्यंत चालक बदलण्याचा अधिकार त्या प्रमुखाला होता. सरिता सहीसाठी उत्तमरावांकडं आली. गाडी न्यायला पिकअपही त्यांचाच होता.

उत्तमरावांनी सही करून लगेच समिती स्थापन केली. समिती सर्वसमावेशक होती. अकरा सदस्य, पैकी सात उत्तमरावांचे नातलग आणि चार त्यांच्या आडतीत माल घालणारे. सरिताला विशेष निमंत्रित म्हणून घेण्यात आलं. विशेष निमंत्रिताला चहा असतो, मत नसतं.

पहिल्या बैठकीत सरितानं नियम वाचून दाखवले. आरसे काढायचे, इंडिकेटर काढायचे, स्टँड काढायचा, नंबरप्लेट काढायची, हेडलाईटच्या काचेवर चिकटपट्टी लावायची, ऑइलचा बोल्ट तारेनं बांधून टाकायचा. गाडी पडली तर ट्रॅकवर काच आणि तेल सांडू नये म्हणून. ऐकून सभागृहात (म्हणजे सोयाबीनच्या थप्प्यांच्या मधल्या जागेत) अभिमानाची लाट पसरली. कारण आमच्या भागातल्या गाड्या जन्मतःच अर्ध्या शर्यतीला तयार असतात. समितीच्या पाहणीनुसार, सरिताची सोडली तर, बाजारातल्या शंभर गाड्यांपैकी आरसे असलेल्या फक्त तीन निघाल्या. त्यातल्या दोन परगावच्या होत्या आणि तिसरी त्याच सकाळी शोरूममधून आलेली होती. मागं वळून पाहणं हा आमच्याकडं भित्रेपणा मानला जातो, आणि कुठं वळणार हे आधीच जाहीर करणं हा मूर्खपणा.

सरिताची गाडी मात्र या बाबतीत मागासलेली होती. तिला दोन्ही आरसे होते. इंडिकेटर चालू होते, आणि ती ते वापरतही असे. मोंढ्याच्या कोपऱ्यावर लोक तिला थांबवून सांगत, "ताई, तुमचं लाईट लागून राहिलं बगा, बॅटरी उतरंल."

समितीनं गाडी ताब्यात घेतली आणि वजन काढायला सुरुवात केली. काढलेला प्रत्येक भाग समाजाच्या मालकीचा असल्यामुळं तो समाजातच राहील याची काळजी घेतली. उजवा आरसा सध्या सलूनमध्ये आहे, डावा उत्तमरावांच्या ताईंच्या घरी कुंकवाच्या कोनाड्यात. साडीगार्डवर एका सदस्याची कारली चढली आहेत. साईड स्टँडचं नेमकं काय झालं हे कुणाला सांगता आलं नाही, पण तो गेला याबद्दल एकमत होतं. ऑइलचा बोल्ट तेवढा सरितानं स्वतः तारेनं बांधला, पुढचं दातेरी चाक बदललं, ब्रेक घासूनपुसून बसवले. ही किरकोळ कामं असल्यामुळं समितीनं त्यात लक्ष घातलं नाही.

मग वजनाचा दिवस आला. उत्तमरावांच्या आडतीतल्या काट्यावर गाडी चढवण्यात आली. काट्यावर मापारी हरिचंद होता. त्यानं हयातीत सोयाबीनखेरीज काही मोजलेलं नाही, पण काट्यापुढं सगळा माल सारखा, ही त्याची शिकवण. इथं परगावच्या वाचकांसाठी कडता समजावून सांगतो. माल काट्यावर आला की तो जेवढा भरतो तेवढा कधीच नसतो. त्यात ओलावा असतो, माती असते, काडीकचरा असतो, बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन असतं. या सगळ्यापोटी जे वजन आधीच सोडून द्यायचं, त्याला कडता म्हणतात. शेतकरी तो सोडतो, आडत्या तो धरतो, आणि दोघं मिळून चहा पितात. अनेक शासकीय पत्रकांनी कडता बंद केला आहे. त्यामुळं तो आता फक्त प्रत्यक्षात उरला आहे.

गाडी एकशे सदतीस किलो भरली. हरिचंदनं सवयीनं माती आणि ओलावा धरून चार किलो सोडले. कुणी एक पाना न लावता गाडी चार किलोनं हलकी झाली. टाळ्या झाल्या. सरितानं तेवढ्यात तोंड उघडलं.

"काका, काट्यानं सोडून गाडी हलकी कशी होईल? ट्रॅकवर हरिचंदमामा न्हाईत."

"तू अजून लहान हायस," उत्तमराव प्रेमानं म्हणाले. "आमी चाळीस साल वजन कमी करून राहिलो."

तेव्हाच त्यांना तो प्रसिद्ध विचार सुचला. गाडीतून काढण्यासारखं सगळं काढून झालं होतं. मग गाडीवर सगळ्यात जड वस्तू कोणती उरली? तर चालक. इतक्या साध्या गोष्टीकडं दक्षिणेतल्या तज्ज्ञांचं लक्ष गेलं नव्हतं.

चालकाचं वजन करायचं ठरलं. तुलनेसाठी दुसरा चालक हवा म्हणून उत्तमरावांनी आपला भाचा विश्वजीत याला उभं केलं. विश्वजीत होतकरू आहे. व्यायामशाळेचा फलक त्याच्या घरासमोर लावलेला आहे.

पहिली सरिता चढली. हेल्मेट, जाकीट, गुडघ्याचे पॅड आणि बूट यांसकट ती एकोणसाठ किलो भरली. त्यानंतर विश्वजीत काट्यावर आला. हरिचंदनं शकुनाचं "लाभ!" म्हटलं आणि काटा शहाऐंशीवर जाऊन थांबला. एखादी कमकुवत समिती इथंच गडबडली असती. उत्तमराव शांतपणे म्हणाले, "हां, आता कडता काढ."

पॅन्ट, शर्ट, बूट, दोन मोबाईल आणि हातातलं कडं, बारदान्यापोटी चार किलो. दुपारचं जेवण परका माल म्हणून दोन किलो. राहिले ऐंशी. आता ओलावा. सोयाबीनला बारा टक्के ओलावा चालतो, वरचा सगळा कापायचा, हा नियम. शाळेच्या पुस्तकात माणसाच्या अंगात पासष्ट टक्के पाणी सांगितलेलं आहे. पासष्टातून बारा गेले, उरले त्रेपन्न. ऐंशी किलोचे त्रेपन्न टक्के कापल्यावर विश्वजीत निव्वळ साडेसदतीस किलो भरला.

(ही बातमी त्याच्या आईपर्यंत पोचली तेव्हा लेकरू इतकं वाळलं म्हणून ताई रडल्या, आणि संध्याकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा आला.)

"आन् माझं पाणी?" सरितानं विचारलं. "माझ्या अंगात काय भुसा हाय काय?"

"पोरी, तुझा माल कोरडा न् स्वच्छ हाय," उत्तमराव म्हणाले. "स्वच्छ मालाला कडता लावला तं लोक आमाला काय म्हणतील?"

भीमराज गुरुजी थप्पीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "उत्तमराव, पोरीनं निवड मिळवली. काट्यानं न्हाई, गाडी चालवून मिळवली."

"गुरुजी, तुमी शिकलेले मानसं. गणित तुमच्यासमोर झालं ना? मग तकलीफ काहून करून घेता?"

ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. (दोघे तटस्थ राहिले, त्यांच्या मालाचं वजन अजून व्हायचं होतं.) सरितानं हेल्मेट काढून काखेत मारलं. मग म्हणाली, "गाडी माझी हाय. मी संगं येणार." समितीनं तिला मदतनीस म्हणून मोठ्या मनानं नेलं. चालकाला काही झालं तर आपण आहोत, अशी तिची आशा असावी. आशेला वजन नसल्यामुळं पिकअपमध्ये अडचण झाली नाही.

ट्रॅकवरच्या तपासणीत गाडी पास झाली. तारेनं बांधलेला बोल्ट पाहून तिथल्या अधिकारी बाईंनी मान डोलावली आणि "राइडर कौन?" असं सरिताकडं पाहून विचारलं. उत्तमरावांनी विश्वजीतला पुढं केलं. बाईंनी त्याच्याकडं खालून वर पाहिलं आणि सही केली. जास्त वजनाविरुद्ध त्यांच्याकडं नियम नव्हता.

शर्यत आठ फेऱ्यांची होती. पहिल्या वळणावर विश्वजीतनं सवयीनं हॉर्नचं बटण दाबलं, पण हॉर्न त्याच्याच घरी होता. मागून येणाऱ्यांना त्यानं हात करून पुढं जाऊ दिलं. सरळ रस्त्यावर आमच्या मोबाईलकडं पाहून त्यानं एक हात हलवला, तेव्हा गाडीही हलली. इतरांच्या आठ फेऱ्या झाल्या तेव्हा त्याची सहावी चालू होती. सरिता कठड्याशी उभी होती. हेल्मेट तिनं पोटाशी धरलं होतं, आणि गाडी वळणावर आली की तिचं अंग त्या बाजूला कलत होतं. प्रत्येक वळणाला, अगदी वेळेवर. विश्वजीतच्या बराच आधी. तिला मानेचा काही त्रास असावा असं मला त्या वेळी वाटलं. सहाव्या फेरीनंतर मात्र ती सरळ उभी राहिली आणि ट्रॅककडं पाठ केली. ते पाहून मी मोबाईलवरचं चित्रीकरण थांबवलं, हे मी कबूल करतो. पण तिकडं धूर फार होता.

निकालात विश्वजीत शेवटचा होता. पण तो कच्चा निकाल होता. परतीच्या वाटेवर पिकअपमध्येच समितीची बैठक झाली आणि वेळेतून कडता काढण्यात आला. परकी भाषा, नवी जागा, नाश्त्याची इडली (तिच्यात ओलावा फार), आणि मागच्यांना वाट देण्यात गेलेली माणुसकी. हिंगोलीची हद्द लागेपर्यंत विश्वजीत दुसरा आला होता. पहिलाही आणता आला असता, पण उत्तमरावांना अतिशयोक्ती आवडत नाही.

सत्कार मोठा झाला. बॅनर, ढोल, फेटे. सरिता गाडीची किल्ली घ्यायला आली तेव्हा विश्वजीत दोन शब्द बोलत होता. ती उत्तमरावांपाशी जाऊन हळूच म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात माझं पंचविसावं सरतं. आता तो गट मला कायमचा बंद."

उत्तमरावांना खरोखर वाईट वाटलं. ते मनाचे उदार आहेत. "अगं, मंग आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. "वयातून काढू की दोन सालं. हरिचंद!"

"नको," सरिता म्हणाली. "माझं वय मला पुरं पाहिजे. वजनबी. माझं सगळं मला भरून पाहिजे."

किल्ली घेऊन ती गेली. आरसे नाहीत, इंडिकेटर नाहीत, तरी मोंढ्याच्या कोपऱ्यावर तिनं हात काढून वळण दाखवलं. ढोलवाल्यांना वाटलं ती नाचतेय.

आता तुमचं. इथवर वाचताना तुम्हाला सरितासाठी वाईट वाटलं असेल, उत्तमरावांचा रागही आला असेल. समिती या रागाचा आदर करते. फक्त तो एकदा काट्यावर ठेवा. बसल्या जागी आला, उठावं लागलं नाही, तेवढा बारदाना काढा. उत्तमराव तुमच्या गावचे नाहीत म्हणून मोकळेपणानं आला, तेवढी माती काढा. आणि तुमच्या स्वतःच्या भाच्याचं काम कुणीतरी असंच करून दिलं, तेव्हा पेढे खाताना जो राग आला नव्हता, तेवढा ओलावा काढा. मग जे निव्वळ उरेल ते सरिताला पाठवून द्या. पाठवण्याआधी मात्र नीट बघा. ती कमी भरलेलं घेत नाही.