मागच्या वर्षी समजलेला विषय

पदव्युत्तर वर्गात 'क्वांटम मेकॅनिक्सचा प्राथमिक परिचय' हा विषय असतो आणि तो शिकवायला सुरुवात होण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना येत असतो, अशी त्या विभागाची धारणा होती. पदवीच्या वर्गात कुणी शंका काढलीच तर "पुढे समजेल" असं सांगत, आणि पुढच्या वर्गात "हे मागे झालंय" असं. विषय समजून घेण्याची सोय दोन्ही वर्गांच्या मधल्या सुट्टीत केलेली होती.

शिकवणारे सर मोठे शिस्तीचे. फळा गच्च भरला की हातावरचा खडू झटकत, वर्गाकडे पाठ ठेवूनच ते विचारत, "समजलं?" मागे सगळ्या माना हलत. सरांना त्या दिसत नसत. पण मानांची झुळूक पाठीला लागावी तसं एक समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरे.

या वर्गात एक शाळेतल्या बाई होत्या. बिनपगारी रजा काढून शिकायला आलेल्या. पदवी मिळाली तर वरच्या वर्गांना शिकवण्याची कायमची जागा त्यांची. नाही मिळाली तर संस्थाचालकांचा मेहुणा तयारच होता. वर्गातली पोरं त्यांना ताई म्हणत. शाळेत रोज मुलांना "न समजता माना हलवू नका रे" असं बजावून बाईंच्या जिभेला वाईट वळण लागलं होतं. एके दिवशी सरांनी विचारलं आणि त्या बोलून गेल्या, "नाही समजलं, सर."

सर वळले. वर्गाचे चेहरे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

"काय नाही समजलं?"

"हे वेव्ह फंक्शन. लाट म्हणताय, तर लाट कशाची?"

"गणितं सुटताहेत ना?"

"सुटताहेत की. उत्तरंही बरोबर येताहेत. पण कशाचं उत्तर आलं, ते कळत नाही."

सर भले गृहस्थ. रागावले नाहीत, नुसते घाबरले, आणि त्यांनी प्रकरण विभागप्रमुखांकडे सोपवलं. तिथे अडचण अशी, की न समजण्याबद्दल नियमच नव्हता. उशिरा येण्याबद्दल होता, कॉपीबद्दल होता, प्रयोगशाळेत चहा नेण्याबद्दल तर पोटनियमांसह होता. तेव्हा 'आकलन-निश्चिती समिती' नेमण्यात आली. समितीने सरळ तोडगा काढला: ज्यांनी ज्यांनी मान हलवली, त्यांनी बाईंना समजावून सांगावं.

वर्गात एकच पळापळ झाली. सगळे ज्याला टॉपर म्हणत, त्या पोराने कँटीनमध्ये बाईंना गाठून हात जोडले.

"ताई, पाया पडतो तुमच्या. आम्हाला जे समजलंय ते आतल्या आत राहू द्या ना. बाहेर कशाला काढायला लावता?"

"तुला खरंच समजलंय का रे?"

"असं काय विचारता ताई? पहिला नंबर आहे माझा!"

अखेर वर्गाने एकमुखाने कळवलं की विषय समजलेला आहे, परंतु तो शब्दांत मांडण्याजोगा नाही. सरांचंही मत तेच पडलं. विभागप्रमुखांनी त्याला दुजोरा दिला.

मग समितीने पुढचं पाऊल टाकलं, आणि ते अगदी तर्कशुद्ध होतं. विषय सर्वांना समजतो. फक्त बाईंना समजत नाही. तरीही बाईंची उत्तरं बरोबर येतात. न समजता बरोबर उत्तर काढणं हा उघड गैरप्रकार आहे. सबब, निकाल राखून ठेवावा.

"अहो, पण बाकीचेही असंच सोडवतात!" बाई कळवळून म्हणाल्या.

"त्यांना समजलेलं आहे," समितीचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "तुम्ही मात्र स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

घरी बाईंना जेवण जाईना. सासूबाईंनी विचारलं, ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगं, म्हणून टाक ना समजलं! तुझे सासरे मला अजून कुठे समजलेत? संसार झालाच की."

दुसऱ्या दिवशी बाई समितीपुढे उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "समजलं."

अध्यक्षांनी तत्काळ सही ठोकली. अभिनंदन झालं. मग त्यांनी शिपायाला चहाला पिटाळलं, दाराला आतून कडी लावली आणि सगळ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"बाई," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "आधी समजलं नव्हतं आणि आता समजलं, अशा या विभागात तुम्ही एकट्याच. आम्हालाही जरा सांगता का? इथल्या इथेच राहील."

बाईंनी एकेक चेहरा पाहिला. सगळे विद्वान, केस पिकलेले, आणि डोळे मात्र पहिलीतल्या पोरांसारखे. खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण सहीची शाई अजून ओली होती. बाईंनी खडू उचलला आणि फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरून काढला. सगळ्यांनी तो मान खाली घालून उतरवून घेतला. कुणालाही काही विचारावंसं वाटलं नाही.

बाईंना जागा मिळाली. मेहुण्याची दुसरीकडे सोय झाली.

आता तुम्ही त्या विभागाला हसत असाल, आणि हसावंच. फक्त एवढंच, की ती लाट कशाची, हे या गोष्टीत कुणीही सांगितलेलं नाही, आणि इथवर वाचत येताना तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही.