मास्क बांधून पाहायचा पैसा

दामलेभावजींच्या घरी नाणी पाहायला गेलं की आधी तोंडाला मास्क बांधावा लागे. ऑपरेशन थिएटरमधला, मागे नाड्या असलेला. भावजी नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे, त्यामुळे मास्कला तोटा नव्हता. "वहिनी, श्वासात ओल असते. तांब्याला डाग पडतो," असं म्हणून ते माझ्या हातातला कप काढून घेत. चहाला बोलावून चहा पिऊ न देणारं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

नाणी तरी कुठली, तर कॅनडाची. गाव साताऱ्याजवळचं, नोकरी इंग्लंडात आणि जीव अडकलेला कॅनडाच्या जुन्या सेंटमध्ये. त्या देशात ते कधी गेलेही नव्हते. त्यांचं घेणंदेणं ठशांशी. एकाच वर्षाच्या सेंटांत एखाद्याचा आकडा जरा रुंद, एखाद्याचा दोनदा उमटलेला, एवढं दिसलं की ते अन्नपाणी विसरत. मी बोट पुढे केलं रे केलं की लगेच, "हात नको, डोळे लावा." शेजारी राहून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढे दुकानात भाजी निवडतानाही मला ते आठवे.

या सगळ्यात एक सेंट त्यांचा प्राण होता. १८५९ सालचा, काळाकुट्ट. त्याच्या नऊखाली भिंगातून एक आठ दिसे. आदल्या वर्षीचा ठसा फुकट जाऊ नये म्हणून टांकसाळीत आठावरच नऊ मारलेला. "आपल्यासारखीच काटकसरी माणसं, वहिनी," भावजी म्हणत. हा सेंट मात्र इतर नाण्यांच्या कपाटात नसे. तो मालतीच्या चांदीच्या करंड्यात असे. मालती त्यांची बायको. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कुंकवाच्या करंड्यात परक्या राणीचं नाणं ठेवलेलं मला बरं वाटत नसे, पण विचारायचं धाडस कुणी करावं?

कॉइन क्लबातले मिस्टर हार्डविक मात्र हा आठ मानायला तयार नव्हते. निवृत्त शाळामास्तर. फोटो पाहून त्यांनी निकाल दिला होता, आठ नव्हे, ओरखडा. भावजी तेव्हापासून धुमसत होते. शेवटी हार्डविक स्वतः भिंग घेऊन यायचं कबूल झाले. पटलं तर क्लबाच्या प्रदर्शनात तो सेंट मधोमध मांडायचा, असं ठरलं. भावजींनी नवा टाय आणला. मालती गेल्यापासून त्यांना कशाची एवढी वाट पाहताना मी पाहिलं नव्हतं.

नेमका तो गणपतीचा आदला दिवस निघाला. मालतीची आई, आमच्या काकू, सांगलीहून पहिल्यांदाच आली होती, लेक जिथे राहिली ते घर बघायला. भावजी हार्डविकना आणायला स्टेशनवर गेले आणि मी मोदकाची पिठी घेऊन शेजारी गेले. काकू सिंकपाशी पदर खोचून उभ्या होत्या. ओट्यावर सांगलीहून आणलेली चिंच आणि फायरप्लेसमधली राख. तांब्या, पळी, ताम्हण लखलखत होतं. शेजारी एक पैसाही लखलखत होता.

"मालतीच्या करंड्यात सापडला," काकू म्हणाल्या. "उद्या कलशात घालायचा असणार. किती काळा पडला होता बाई."

नाणं घासणं, म्हणजे त्यावरचा ठसाच झिजवणं, ही क्लबवाल्यांच्या लेखी ब्रह्महत्या. आठ उरलाय का पाहायला भिंग शोधलं, ते सापडेना. काकूंची पाठ वळताच मी तो पैसा कोऱ्या चहात बुडवला, म्हटलं थोडा तरी काळवंडेल. तो आणखीच चमकला. एवढ्यात दारात किल्ली फिरली.

भावजी आत आले ते थेट करंड्याकडे. करंडा रिकामा. त्यांचा चेहरा उतरला. मी पैसा ठेवलेली बशी पुढे केली. त्यांनी पैशाकडे पाहिलं आणि जागीच उभे राहिले. हार्डविकनी तो उचलला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. मास्कची आठवण कुणालाच नव्हती.

"ओ डिअर," ते म्हणाले. "डॉक्टर, समवन हॅज स्क्रब्ड इट."

"साहेब काय म्हणतायत, केशवराव?" काकूंनी विचारलं. त्यांचे हात अजून राखेचे होते.

मी भावजींकडे पाहत होते. हातातला चहा काढून घेणारा हा माणूस आता काय करील?

"छान चमकतोय म्हणतायत, आई."

"मालतीचाच ना तो? ती गेल्यावर कुणी घासलाच नसेल."

"तिचाच," भावजी म्हणाले. "माझ्याकडून राहूनच गेलं."

हार्डविक पुन्हा काही बोलणार, तर भावजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "यू वर राइट, मिस्टर हार्डविक. इट वॉज ओन्ली अ स्क्रॅच." ज्या आठासाठी ते इतके दिवस भांडले, तो त्यांनी असा सोडून दिला. मला रडू आलं आणि मी पिठी मळायला घेतली.

काकू परत गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, म्हातारीसाठी चांगलं खोटं बोललात."

"खोटं कुठं, वहिनी? भाजीवाल्यानं इथली हाफपेनी म्हणून मालतीच्या हातावर टेकवलेला सेंट तो. परत करायला म्हणून तिनं करंड्यात टाकला. मी सहज भिंग लावलं आणि आठ दिसला. 'आता परत नको करू,' म्हटलं तर इतकी हसली. माझा सगळा नाद तिथून सुरू झाला."

त्यानंतर दर गणपतीच्या आधी भावजी माझ्याकडे चिंच मागायला येऊ लागले. बाकीची नाणी अजून मास्क बांधूनच पाहावी लागतात. हा एक पैसा ते बाह्या सरसावून सिंकमध्ये घासतात. नऊखालचा आठ आता मला भिंगातूनही दिसत नाही.

परवा चिंच न्यायला आले आणि दारातच घुटमळले.

"वहिनी, राख जरा जास्त घ्यावी का हो?" म्हणाले. "तिच्या आईच्या हातची चमक काही येत नाही."