खांबेटे सरांचा फाउल

रविवारी दुपारी दीनानाथ खांबेटे सर कात्रजच्या पूल पार्लरचा जिना चढून वर आले आणि दारातच थबकले. एरवी जिथे चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि ओळखीची सात-आठ डोकी असायची, तिथे आज तिपाईवर कॅमेरा उभा होता, डोळे दिपतील असे दिवे लागले होते आणि समोरच्या भिंतीवर 'सुखनिद्रा गाद्या' असा भलाथोरला फलक झळकत होता.

सर आल्या पावली परत फिरणार, तेवढ्यात पार्लरचा मालक माऊली याने त्यांचा दंड धरला.

"या सर. तुमचंच नाव पयलं टाकलंय."

"माऊली, तू म्हणाला होतास, आपल्याआपल्यातच खेळायचंय."

"आपल्यातच हाय की. गादीवाल्याला जरा जाहिरात पायजे, येवढंच."

येवढंच. सरांनी कॅमेऱ्याकडे पाठ फिरवली. ते सदाशिव पेठेतल्या एका शाळेत पर्यवेक्षक होते आणि गेल्याच महिन्यात, भरल्या पालकसभेत, 'पूल पार्लरमध्ये दिसेल त्या मुलाच्या हातात दाखला ठेवीन' असं ते गरजले होते. पालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या कानात घुमत असतानाच सर सभेतून थेट कात्रजला आले होते आणि ओळीने तीन डाव जिंकले होते.

या नादाची सुरुवातही कर्तव्यातूनच झाली होती. दहावीतली काही मुलं शिकवणी बुडवून इथे येतात असं कळलं, म्हणून सर त्यांना पकडायला आले होते. मुलं त्या दिवशी आलीच नाहीत. सर कोपऱ्यात उभे राहून वाट बघत होते. "उभं कशापायी ऱ्हाताय, दोन हात खेळा की," म्हणून माऊलीने त्यांच्या हातात काठी दिली. पहिलाच बॉल अलगद भोकात पडला, आणि जन्मभर मुलांच्या मागे धावलेल्या माणसाला कळलं की जगात अशीही एक वस्तू आहे जी आपण सांगू तिकडे जाते. मुलं पुढे कधी फिरकली नाहीत. सर मात्र दर रविवारी येऊ लागले. घरी बायकोला, उल्काला, 'संस्थेचं काम आहे' एवढंच सांगितलेलं. पेठेतला माणूस विनाकारण स्वारगेट ओलांडून कात्रजपर्यंत येत नाही, या एका भरवशावर सगळं सुरळीत चाललं होतं.

"माझं नाव काढ," सर म्हणाले.

"मला काय इचारू नका. म्याडमला इचारा."

मॅडम म्हणजे वैष्णवी, गादीवाल्यांची प्रसिद्धी सांभाळणारी चटपटीत मुलगी. तिने बोलता बोलता सरांच्या हातात एक टी-शर्ट कोंबला. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, 'पाठ टेकताच झोप'.

"सर, प्रत्येक प्लेअरने हा घालायचा. जिंकलात की कॅमेऱ्यात बघून एक छान बाइट द्यायचा. आणि स्माइल मस्ट आहे."

"मला माघार घ्यायचीये. तब्येत बरी नाही."

"आता? ड्रॉ लागल्यावर?" वैष्णवीचा चेहरा पडला. "सर, ऐनवेळची माघार अनस्पोर्ट्समनलाइक धरतात. आम्ही तशी पोस्ट टाकतो. फोटोसकट."

"आणि समजा, एखादा मुद्दाम हरला?"

"त्याचीही टाकतो. त्याला तर जास्त व्ह्यूज येतात."

सर भिंतीला टेकले. माघारीला फोटो, लबाडीला फोटो आणि विजयालाही फोटो. निसटायला एकच फट उरली होती. पहिल्याच फेरीत रीतसर, प्रामाणिकपणे हरायचं. पहिल्या फेरीत हरलेल्या माणसाला जगात कुणी विचारत नाही. त्यांनी टी-शर्ट आपल्या पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावरूनच चढवला. तेवढीच अब्रू झाकलेली बरी.

पण पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी आलाच नाही. कात्रजच्या बोगद्यात कंटेनर बंद पडला होता आणि गडी त्याच्यामागे अडकला होता. सर काठीला हात न लावता जिंकले.

"सर, कसं वाटतंय?" वैष्णवीने फोन पुढे धरला.

"वाईट."

"किती हंबल," ती कॅमेरावाल्याला म्हणाली.

दुसऱ्या फेरीतले तात्याराव हे धनकवडीतले जिमवाले. ते उत्तम खेळत होते. सरांना हायसं वाटलं. तेवढ्यात तात्यारावांचा एक सोपा नेम चुकला, त्यांनी टेबलाला लाथ घातली आणि माऊलीच्या मागच्या तीन पिढ्यांचा उल्लेख केला. वैष्णवीने त्यांना तिथल्या तिथे बाद केलं.

"अहो, रागाच्या भरात होतं माणसाकडून," सर कळवळून म्हणाले. "त्यांना खेळू द्या. हवं तर मी थांबतो."

वैष्णवीने तेही टिपून घेतलं.

अशा रीतीने काहीही न करता खांबेटे सर उपांत्य फेरीत पोचले. समोर सौमित्र नावाचा यवतमाळकडचा तरुण होता. हिंजवडीत नोकरी, आणि स्वभाव इतका गरीब की काठीला खडू लावतानाही तो आधी सरांना विचारत होता. एक डाव त्याने घेतला, एक सरांनी. शेवटच्या डावात मात्र सर कॅमेरा, पालक, दाखला, सगळं विसरले. एकामागून एक बॉल भोकात गेले. टेबलावर त्यांचा फक्त काळा बॉल उरला, तो घातला की डाव जिंकला, आणि तोही भोकाच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी पडला असता.

सर वाकले, आणि त्यांच्या सदऱ्याची बाही पांढऱ्या बॉलला हलकेच घासून गेली.

कुणीही पाहिलं नव्हतं. इथे पंच नव्हता. आपला फाउल आपणच सांगायचा, असा नियम होता. क्षणभर सरांना फार मोह झाला. मग समोरचा कॅमेरा दिसला, आणि लक्षात आलं की प्रामाणिकपणा आणि सुटका आज एकाच रिक्षातून येऊन दारात उतरली आहे.

"फाउल," ते सरळ होत म्हणाले. "बाही लागली. माझी चूक झाली. तुम्ही खेळा."

"नाही लागली हो काका," सौमित्र म्हणाला. "मी पाहून राहिलो होतो ना."

"बाही माझी आहे. ती कुठे लागली ते मला कळणार की तुम्हाला?"

"बॉल हललाच नाही काका. तुम्ही मारा बिनधास्त."

"अहो, मी सांगतोय ना, माझी चूक झाली."

"असा कसा जिंकू मी? बाबा काय म्हणतील माझे?"

"तुमच्या बाबांना मी समजावतो. नंबर द्या."

भोवती घोळका जमला. इतर टेबलांवरचे डाव थांबले. "सर म्हनत्यात लागली, म्हंजी लागली हाय," माऊलीने निवाडा दिला, तरी सौमित्र हलेना. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि हाताची घडी घालून तो उभा राहिला. एवढा जवळ आलेला पराभव हातचा जातो की काय, या धास्तीने सर दोन पावलं पुढे सरकले. त्यांनी चक्क हात जोडले.

"बाळा, मी मनापासून सांगतो. माझी चूक झाली. सर्वांसमक्ष सांगतो, माझी चूक झाली. आता खेळ."

सौमित्रच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नाइलाजाने उरलेले बॉल घालवले, डाव जिंकला आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वैष्णवी फोन छातीशी धरून म्हणाली, "हे सोनं आहे." आणि तिने ते सोनं तिथूनच जगभर पाठवून दिलं.

सरांना खिलाडूवृत्तीचं खास बक्षीस म्हणून डबल बेडची गादी मिळाली. त्यांनी नको नको म्हणून पाहिलं. पण खिलाडूवृत्तीचं बक्षीस नाकारणं खिलाडूवृत्तीला धरून नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. गादीचा टेम्पो त्यांच्या स्कूटरच्या आधी घरी पोचला.

दार उघडून उल्का म्हणाली, "गादी आत लावली आहे. तुमचा व्हिडिओ माझ्या भावाने पाठवला, नणंदेने पाठवला आणि खालच्या इस्त्रीवाल्यानेही दाखवला. उद्या शाळेत काय होतं ते होऊन जाऊ दे. मग आपण बोलू."

त्या नव्या गादीवर पाठ टेकूनही सरांना डोळ्याला डोळा लागला नाही.

सोमवारी पहिल्याच तासाला मुख्याध्यापिका पूर्णिमाबाईंनी बोलावून घेतलं. सर उभेच राहिले.

"पूल खेळणाऱ्याच्या हातात दाखला ठेवणार होतात ना आपण?"

"बाई, राजीनामा मी आजच लिहून देतो."

"बसा. सकाळपासून पालकांचे फोन येतायत. असा प्रामाणिक माणूस मुलांना लाभला म्हणून सगळे खूश आहेत. संस्थेच्या अध्यक्षांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यांचं म्हणणं, आजवर या खेळाला आपण उगीच नावं ठेवली."

सर खुर्चीवर बसले.

"त्यांनी शाळेला एक टेबल देणगी दिलंय," बाई पुढे म्हणाल्या. "जिमखान्याच्या खोलीत बसेल. दर रविवारी दुपारी आपण मुलांना शिकवायचं. दहावीच्या दोन्ही तुकड्यांनी नावं दिलीत."

"रविवारी?"

"आपल्याला तो वार सोयीचा आहे, असं ऐकलं."

सर व्हरांड्यात आले तेव्हा दहावीतला राजस त्यांच्यासाठी थांबला होता. "सर, आमचा खेळ तुम्हाला जमला हे बेस्ट झालं," तो आदराने म्हणाला. ज्या मुलांपासून आठवड्यातून एकदा सुटायला ते कात्रजपर्यंत जात होते, ती सगळी मुलं आता त्या एकुलत्या एका टेबलाभोवती उभी राहणार होती. नोकरी वाचली होती. पण वाचवून तिचं करायचं काय, ते सरांना कळेना.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा उल्काने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली.

"पूलबद्दल मला काही म्हणायचं नाही. खेळा हवं तेवढं."

"मग?"

तिने फोन त्यांच्याकडे वळवून ठेवला. 'माझी चूक झाली,' पडद्यावरचे सर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. मग हात जोडून आणखी दोनदा.

"चार वेळा," उल्का म्हणाली. "ओळख ना देख, अशा मुलाला. तेही बाही लागल्याची कुणी तक्रार केलेली नसताना. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला वाटायचं हे वाक्य तुम्हाला येतच नाही."

सरांनी कप उचलला.

"मला दर रविवारी खोटं सांगून जात होतात. त्याबद्दल काय म्हणणं आहे?"

शब्द फक्त तीन होते, आणि आदल्याच दिवशी ते किती सहज तोंडातून बाहेर पडले होते. त्यांनी तोंड उघडलं. उल्का वाट बघत राहिली.

"आता त्याचं कसं आहे उल्का," सर म्हणाले, "मुळात तू मला कधी नीट विचारलंच नाहीस, की—"

उल्काने व्हिडिओ पहिल्यापासून लावला.