मावशीचं विलीनीकरण

मावशीच्या नोंदीवर ‘वगळावी का?’ अशी पट्टी लागली, त्या सोमवारी सकाळी तिची पावलं दिसेनाशी झाली. चपला मात्र घरभर फटक फटक चालत होत्या, त्यामुळे दुपारपर्यंत आमच्या ते लक्षातच आलं नाही.

चूक माझी. मिरजेच्या वाचनालयात शिबिर झालं होतं. इंटरनेटवरच्या मोठ्या कोशात चित्रकार बायका फार कमी आहेत, तर आपापल्या गावातल्या बायकांच्या नोंदी घाला, असं. मी निवृत्त मास्तरीण, हात नुसते शिवशिवत होते. मावशी ब्याऐंशी वर्षांची, साठ वर्षांहून जास्त काळ चित्रं काढतेय, आणि मी तिच्याकडेच राहते. म्हटलं, घरातूनच सुरुवात करू. नोंद नव्हती तोवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि ती अख्खी दिसत होती. कुठून मला अवदसा आठवली!

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब मोजला, घोट्यांच्या जागी हात लावून पाहिला आणि म्हणाले, “पाय आहेत. दिसत नाहीत एवढंच. हे आमच्याकडचं नाही, तुम्ही कोशवाल्यांना दोन संदर्भ द्या.”

मुदत सात दिवसांची होती. मंगळवारी पोटऱ्या गेल्या, बुधवारी गुडघे. मावशी उत्तरेच्या खोलीत स्टुलावर बसून विहिरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांचं चित्र रंगवत होती. “अगं, पायांनी कुठे रंगवायचंय मला? हात आहेत ना,” म्हणाली. मला मात्र घास गोड लागेना.

गुरुवारी कोशाचे संपादक स्वतः घरी आले. उपळेकर त्यांचं नाव. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्तीनंतर कोशाची सेवा करतात. सभ्य माणूस. चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि वही उघडली. मावशी तोवर कंबरेपासून वर उरली होती.

“नियम असा आहे, बाई,” ते मला म्हणाले. “एका व्यक्तीला दोन स्वतंत्र संदर्भ हवेत. तुम्ही दोन दिलेत, पण व्यक्तीही दोन आहेत. एकसष्ट सालच्या कात्रणात कुमारी इंदुमती करमरकर, रौप्यपदक. एकोणऐंशीच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत सौभाग्यवती वैजयंती टेंबे. दोघींनाही एकेक कमी पडतो.”

“अहो, एकच बाई ती! लग्नात नाव बदललं.”

“त्याचा कागद?”

“लग्नपत्रिका आहे.”

“पत्रिकेत इंदुमती आहे. वैजयंती कुठे आहे?”

उत्तर मावशीनं दिलं. “वैजयंती पत्रिकेत कशी असेल? लग्नाच्या संध्याकाळी ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं. मलाच तेव्हा कळलं.”

उपळेकरांनी पेन सरसावलं. “ते तांदूळ आहेत का?”

“दुसऱ्या दिवशी त्याचाच भात लावला. मीच लावला.”

‘पुरावा शिजवण्यात आला,’ असं त्यांनी वहीत लिहिलं.

माझं डोकंच फिरलं. “अहो, ती समोर बसलीय! हातात ब्रश आहे! डोळ्यांनी बघताय ना तुम्ही?”

“बघतोय हो. चित्रही फार सुंदर आहे.” त्यांनी उठून ते जवळून पाहिलं. “पण स्वतः पाहिलेलं कोशात चालत नाही, बाई. कुणीतरी छापलेलं लागतं.”

शुक्रवारभर मी माळा उपसला. मावशीच्या चित्रांवर कुणी ओळही छापलेली नव्हती. छापलेलं सगळं काकांचं. काका म्हणजे मावशीचे यजमान, टेंबे सर, जाऊन आठ वर्षं झाली. चित्रकला शिक्षक संघाचे ते अध्यक्ष होते. लग्नानंतर त्यांनी ब्रश हातात धरल्याचं मला आठवत नाही, पण भाषणं दणक्यात करायचे आणि ती पेपरात यायची. कोशात त्यांची नोंद आहे, चौदा संदर्भांसह. त्यांना कधी पट्टी लागली नाही.

शनिवारी त्यांच्या गौरवग्रंथात, त्यांच्याच मनोगतात, पान एकशे बारावर मला सापडलं. ‘माझी पत्नी वैजयंती, म्हणजे माहेरची इंदुमती करमरकर, हिने घर उत्तम सांभाळले. फावल्या वेळात तीही चित्रे काढते.’ मी आनंदानं ओरडलेच. दोन्ही नावं एका वाक्यात, तेही छापलेली! ताबडतोब पानाचा फोटो उपळेकरांना पाठवला. मावशीचे तेव्हा फक्त खांदे, हात आणि चेहरा शिल्लक होता.

रविवारी संध्याकाळी निकाल लागला. दोन्ही बायका एकच असल्याचं सिद्ध झालं. परंतु जोडणारा संदर्भ पतीविषयीच्या ग्रंथातला असल्यामुळे नोंद पतीच्या नोंदीत विलीन करावी, असं ठरलं. काकांच्या पानावर ‘वैयक्तिक आयुष्य’ या मथळ्याखाली एक ओळ वाढली: ‘त्यांच्या पत्नी इंदुमती (वैजयंती) याही चित्रे काढत.’

सोमवारी मावशी कुठेच दिसेना. हाका मारल्या तर उत्तरेच्या खोलीतून ओ आली. “इथेच आहे गं. चहा टाकतेस का?” चहाला ती बाहेरच्या खोलीत आली आणि काकांच्या हार घातलेल्या फोटोखाली पोचताच पावलांपासून केसांपर्यंत लख्ख दिसू लागली. दोन हात लांब गेली की पुन्हा नाही.

तेव्हापासून मंडईत जाताना मी फोटो काखेत मारायची. भाजीवाली आधी फोटोला नमस्कार करायची, मग मावशीकडे बघून म्हणायची, “सरांच्या मंडळी ना?” मावशी हो म्हणायची आणि गवार निवडायची.

मग मी फोटो उत्तरेच्या खोलीत नेऊन खिळ्याला टांगला. म्हटलं, तिथे तरी दिसेल, मलाही बरं वाटेल. दोन दिवस ती त्याच्याखाली बसली. ब्रश रंगात बुडवायची आणि तसाच पुसून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, “शरू, हा बाहेर ने.”

“अगं, मग तू दिसणार नाहीस.”

“ह्यांच्यासमोर माझा हात चालत नाही. हयातीत चालला नाही, आता कुठला चालतोय? हे शाळेत गेले की रंगवायची मी.”

“आणि मी काय करू? मला तू दिसायला नको?” मला रडूच फुटलं.

तिनं पदरानं माझे डोळे पुसले. “चित्र दिसेल ना,” म्हणाली.

मी फोटो काढला आणि बाहेर नेऊन पुन्हा जागेवर लावला. परत आले तेव्हा स्टूल रिकामं होतं आणि निळ्या लुगड्याचा काठ हळूहळू पुरा होत होता.

याला आता आठ महिने झाले. लुगड्यांचं चित्र संपलं, त्यानंतरची आणखी चार झाली. एकावरही सही नाही. विचारलं तर म्हणते, “कुठली घालू?” उपळेकर मधूनमधून येतात, चित्रं बघतात, वही उघडत नाहीत.

चार वाजता मी तिचा चहा स्टुलाशेजारी ठेवते. कप उचलला जातो. मी समोर बसते आणि साधारण चेहरा असेल तिथे बघून तिच्याशी बोलते.