इतवारीचा ऑनलाइन भूगोल

मी वर्गात नुसतं पाऊल टाकलं तरी पोट्टे टुणकन उठून बसतात, असं छातीठोकपणे सांगणारा विदर्भातला पहिला भूगोलशिक्षक मीच होणार होतो. होणार होतो म्हणजे, शनिवारी सकाळपर्यंत तसा पक्का प्लान होता!

आमची शाळा नागपूरच्या इतवारी बाजारात आहे. खाली मिरचीची ठोक दुकानं आणि वर माझी नववी ब. हातठेलेवाल्यांच्या आरोळ्या, टेम्पोचे हॉर्न आणि मिरचीचा ठसका या सगळ्यांतून मी मृदेचे प्रकार शिकवतो. मी 'जांभी मृदा' म्हटलं की पहिली रांग शिंकते, मधली रांग खिडकीतून खाली चाललेलं भांडण पाहते आणि शेवटची रांग बिनधास्त झोपते. प्रश्न विचारला तर सगळा वर्ग माझ्याकडे असा पाहतो, जणू मीच उत्तर चोरलं आहे. शेजारी नववी अ मध्ये प्रेमलता मॅडम तोच भूगोल शिकवतात. त्यांच्या नुसत्या भुवईवर पोट्टे नद्यांची नावं धडाधडा सांगतात. मॅडम वाईट नाहीत हो, पण त्यांची भुवई फार कडक आहे.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या संस्थेची दुसरी शाळा शहराबाहेर, कन्हानला आहे. तिथे भूगोलाला कोणी नाही आणि इथे आम्ही दोघं. तेव्हा संस्थेचे सचिव मधुकरराव यांनी ठरवलं की शनिवारी दोघांचेही वर्ग पाहायचे. ज्याच्या वर्गात पोट्टे बोलतील तो इतवारीत राहील, आणि ज्याच्या वर्गात गप्प बसतील त्यानं कामठी ओलांडून कन्हान गाठायचं.

मला कन्हानचं काही वाकडं नाही. गाव चांगलं आहे, नदी आहे, माणसं मायाळू आहेत. पण माझं घर गांधीबागेत, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. घरी माझी आई, इंदूबाई. दिवाळीत पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. माझी बायको नंदिनी बँकेत, ती सकाळीच जाते. म्हणून मधल्या सुट्टीत मी धावत घरी जातो, आईला गरम वाढतो, ती जेवली की धावत परत येतो. मी कन्हानला गेलो तर म्हातारीला दुपारी कोण वाढणार? या एका विचारानं माझी झोप उडाली होती. खोटं कशाला बोलू, रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मला प्रश्नमंजुषेचं एक अ‍ॅप सापडलं. एकदम फुकट! आपण प्रश्न टाकायचे, एक कोड मिळतो, पोट्ट्यांनी तो आपल्या फोनवर टाकला की भिंतीवर त्यांची नावं उमटतात. बरोबर उत्तराला गुण, पटकन उत्तराला जास्त गुण, आणि वरून ढँगढँग संगीत. मी घरी नंदिनीला करून दाखवलं. तिनं थंडपणे विचारलं, "फुकट म्हणजे कुठपर्यंत फुकट?" बँकेतल्या माणसांना कशातच आनंद नसतो. फुकट ते पौष्टिक, असं तिला सुनावून मी प्रश्न टाकायला बसलो.

शाळेत फोन आणायला बंदी आहे, पण हेडमास्तरांनी शनिवारपुरती सूट दिली. पोट्ट्यांनी आईचा फोन आणायचा असं ठरलं. शुक्रवारी संध्याकाळी मी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला की उद्या दहा वाजता भूगोलाची स्पर्धा आहे, सोबतच्या कोडनं आत यावं आणि पहिल्या येणाऱ्याला आकर्षक बक्षीस मिळेल. आकर्षक बक्षीस म्हणजे एक कंपासपेटी. कोड आधीच पाठवला, कारण ऐन वेळी गडबड नको. माझी दूरदृष्टी पाहा!

आता इतवारीतले पालक म्हणजे निम्मे व्यापारी. आणि इतवारीत कोड म्हणजे एकच गोष्ट असते. तेलाच्या, मसाल्याच्या, चहापत्तीच्या कंपन्या दुकानदारांसाठी सतत स्कीम काढतात. कोड टाका, मिक्सर जिंका. कोड टाका, कुटुंबासह गोवा. तेव्हा माझ्या वर्गातल्या नूपुरच्या बाबांनी माझा निरोप जसाच्या तसा व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर ढकलला. तिथून तो गांधीबागेतल्या कापडवाल्यांकडे गेला. जाता जाता त्यातला भूगोल कुठेतरी गळाला, आणि कोड, दहा वाजता आणि आकर्षक बक्षीस एवढंच उरलं. यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी मजेत शर्टाला इस्त्री करत होतो.

शनिवारी आधी प्रेमलता मॅडमचा वर्ग झाला. तिथे पोट्ट्यांनी हिमालयापासून निलगिरीपर्यंत सगळे डोंगर एका दमात उभे केले. मग मधुकरराव माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी मॅडमही बसल्या, त्यांना म्हणे नवीन काही शिकायचं होतं. मी प्रोजेक्टर लावला, घसा साफ केला आणि जाहीर केलं की आजपासून या वर्गात क्रांती होणार आहे. मग आईचे फोन काढा आणि आत या, असं म्हणालो.

भिंतीवर नावं उमटली. ती आधीच उमटलेली होती!

जय अंबे मिरची. बालाजी ड्रायफ्रूट. ताजुद्दीन क्लॉथ. पोहेवाले काका. नुसतंच 'मिक्सर पाहिजे'. वरून खालपर्यंत दुकानंच दुकानं, जणू इतवारीच्या पाट्या कोणी उपटून भिंतीवर चिकटवल्या होत्या. पोट्टा मात्र एकही नाही. पहिल्या बाकावरची मुग्धा उभी राहून शांतपणे म्हणाली, "सर, जागा संपली म्हणते. चाळीसच्या वर माणसं पाहिजे असतील तर पैसे भरा म्हणते." फुकट म्हणजे कुठपर्यंत फुकट, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

नूपुरनं कबूल केलं की कोड बाबांनीच पुढे पाठवला, तेव्हा मी घाईघाईनं बाबांना फोन लावायला सांगितलं. त्यांना म्हटलं की साहेब, हा शाळेचा तास आहे, कृपा करून सगळ्यांना बाहेर काढा. ते म्हणाले की निघतो ना सर, पण आधी मिक्सर कोणत्या कंपनीचा आहे तेवढं सांगा. फोन ठेवून मी सगळं बंद करायला गेलो आणि घामेजल्या बोटानं नेमकं 'सुरू करा' दाबलं.

ढँगढँग! पहिला प्रश्न भिंतीवर आला, हिराकूड धरण कोणत्या नदीवर आहे. खालच्या बाजारात एकदम शांतता पसरली. इतक्या वर्षांत मी अशी शांतता ऐकली नव्हती. मग खालून आवाज आला की अबे, स्कीममध्ये धरण काहून विचारून राहिले? दुसरा आवाज म्हणाला की तू दाब ना बाप्पा काहीतरी. निकाल लागला आणि पहिल्या नंबरवर नाव झळकलं, देवाजी ऑईल मिल.

शेवटचा बाक करकरला. मधुकरराव उभे राहिले होते.

हे देवाजी म्हणजे मधुकररावांचे व्याही. त्यांच्या मुलीचे सासरे. लग्नात भर पंगतीत देवाजींनी आलुबोंडा थंडा आहे असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दोघांमध्ये गोड बोलून एकमेकांना पाण्यात पाहायचं चालू आहे. सगळ्या इतवारीला ते ठाऊक आहे. मधुकरराव बाकांमधून चालत पुढे आले आणि चष्मा वर करून भिंतीकडे पाहू लागले.

"सर, आमचे इवाई तुमच्या नववीत काहून हायेत?"

मी म्हणालो की साहेब, चूक झाली, आत्ता बंद करतो. त्यांनी माझा हात धरला. "राहू द्या. मले आत कसं जाता येते ते सांगा."

जागा नव्हती. पण मधुकररावांची नजर यादीत खाली खाली गेली आणि 'लहानू नं. वन' या नावावर थांबली. लहानू म्हणजे त्यांच्याच धान्याच्या गोदामातला माणूस. त्यांनी फोन लावला, लहानूला दुकानाच्या वेळेत खेळत असल्याबद्दल दोन शब्द सुनावले, आणि लगेच एक जागा रिकामी झाली. त्या जागेवर सचिव साहेब जाऊन बसले.

आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. मधुकररावांना भूगोलातलं ओ की ठो येत नव्हतं. त्यांनी फोन वर धरून वर्गाला म्हटलं की सांगा रे पोट्टेहो, देवाजी जिंकला नाही पाहिजे. झालं! माझा सगळा वर्ग त्यांच्याभोवती गोळा झाला. कोणी पुस्तक उलटंपालटं करून राहिलं, कोणी नकाशा भिंतीवरून काढून आणला, झोपणारी अख्खी रांग बाकांवर चढली. सर्वांत जास्त पाऊस मौसिनराम, कापसाला काळी मृदा, चहा आसामात! पोट्टे ओरडत होते आणि मधुकरराव दाबत होते. मी जे सहा महिने शिकवलं ते यांच्या डोक्यात होतं की हो! भिंतीला टेकून मी नुसता पाहत राहिलो.

शेवटचा प्रश्न आला तेव्हा देवाजी थोडेच पुढे होते. कर्कवृत्त खालीलपैकी कोणत्या राज्यातून जात नाही? गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र की झारखंड? नागपूरच्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. देशाचा मध्य आमच्याकडे, रेल्वे आमच्यावरून, ट्रक आमच्यावरून, विमानंही आमच्यावरून. काहीतरी महाराष्ट्रातून जात नाही, हे आमच्या मनालाच पटत नाही. मधुकररावांचं बोट झारखंडाकडे निघालंही होतं. पण वर्ग एका सुरात 'महाराष्ट्र, महाराष्ट्र' म्हणून गरजला आणि प्रेमलता मॅडमनी चक्क सचिवांचं मनगट पकडून बोट महाराष्ट्रावर टेकवलं.

देवाजींनी झारखंड दाबलं होतं.

वर्गात जो जल्लोष झाला त्यानं खालची मिरचीची पोती हादरली असतील. पोट्ट्यांनी मधुकररावांना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण वजन पाहून बेत सोडला. कंपासपेटी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथूनच व्याह्यांना फोन लावला आणि तब्येतीची विचारपूस करत करत कर्कवृत्ताची माहिती दिली.

मी मनात म्हटलं, अश्विन, जिंकलास गा! वर्ग बोलला, नुसता बोलला नाही, गरजला. मधल्या सुट्टीत मला ऑफिसात बोलावणं आलं. मी केस नीट करून गेलो. मधुकररावांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले की असा वर्ग मी आयुष्यात पाहिला नाही. मी विनयानं मान खाली घातली.

"म्हणून सांगतो, तुम्ही कन्हानले जा. तुम्ही तर अख्खा तास भिंतीले टेकून होते, तरी पोट्टे शिकले. हे काम तिथूनही होते. मॅडमले मात्र समोर उभं राहा लागते."

कन्हानची शाळा पूर्ण सांभाळायची, आणि आठवड्यातून दोनदा इतवारीच्या वर्गाला तिथून कोड पाठवायचा. पगार तोच. स्वतःच्या हातानं मी स्वतःला बिनकामाचं सिद्ध केलं होतं, तेही फुकटात.

त्या दिवशी मी धावत नाही, चालत घरी गेलो. आई पलंगावर बसली होती. मी ताट वाढलं, तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आई, सोमवारपासून दुपारी तुला कोण वाढेल गं?

आईनं वरणात भात कालवला. मग म्हणाली, "जाय ना बाप्पा कन्हानले. मी तं संक्रांतीपासून अकरालेच आपल्या हातानं घेऊन जेवतो. तू येतं अन् मले झोपेतून उठवून पुन्हा जेवू घालतं. एवढ्या मायेनं धावत येतं म्हणून काही बोलली नाही."

मग तिनं ते ताट हळूच माझ्याकडे सरकवलं, आणि मी मुकाट्यानं जेवायला बसलो.