कातळातल्या तेलाच्या निवाड्याची हकीकत

श्रीतैलेश्वर प्रसन्न. शके सोळाशें त्रेपन्न, विरोधकृत् नाम संवत्सर. ज्याच्या डोंगराच्या पोटी तेलाचा समुद्र, ऐसे राज्य त्रिभुवनात एकच. मात्र दरबारची समई लावावयास तेल शेजारच्या राज्यातून उसने येत असे. कारण की कातळ घट्ट, तेल आत आणि राज्य कोरडे. मग महाराजांनी दिवाण विसाजीपंतांस आज्ञा केली, "तेल बाहेर यावे म्हणून कातळात काय दाबावे, पाणी की वायू, याचा निवाडा करा. चुकलात तर दिवाणगिरी सोडा." पंत मूळचे संशयी, घरी ताकात पाणी कोणी घातले याचीही चौकशी करीत. त्यांनी एकाच डोंगराचे दोन धोंडे आणविले आणि एक वायूवाल्या भिवरावास दिला, त्याने तो लोखंडी पिंपात घालून वायू कोंडिला व मुरत ठेविला. दुसरा पाणीवाल्या खंडोजीस दिला, त्याने तो चौकात उभा करून माथ्यास भोक पाडिले आणि वरून घड्याची धार धरिली. मग पंतांस वाटले, लोक तेल चोरतील. सबब पहारेकरी तुळाजीस हुकूम केला, की बघ्यांच्या वहाणा बाहेर काढवाव्या, तळव्यास लागून थेंबही जाऊ नये, आणि कोणी बोट बुडवू नये म्हणून सर्वांस हात जोडून उभे करावे. हुकूम आपलाच, म्हणून पंतही अनवाणी आत जात.

रविवारी मोजणी जाहली. भिवरावाचे पिंप उघडिले, तो वायूसंगे वाटीभर काळे तेल आले. खंडोजीच्या धोंड्याखालचे घंगाळ मात्र तेलाने भरून वाहात होते. खंडोजी मिशीवर ताव देऊन बोलिला, "पंत, शिक्का उठवा." पंतांनी शिक्का उचलिला आणि थबकले, मग बोट बुडवून हुंगिले. "खंडोजी, डोंगराच्या तेलास गोडेतेलाचा वास? आणि हे उडीद काय कातळातून निघाले?"

मग पंतांनी तुळाजीस पुसिले. तो म्हणाला, "काल शनिवार, सरकार. वहाणा काढायच्या, हात जोडायचे, वर अभिषेक चाललेला. माणसं तेल वाहणारच."

"तू अडविले का नाहीस?"

"तेल बाहेर न्यायची मनाई होती, आत आणायची नव्हती. मीही पळीभर वाहिलं."

मग माथ्याचे भोक पाहिले, तो पाणी तैसेच, खाली नखभरही उतरले नव्हते. आणि वायूचा निवाडा होऊन दिवाणगिरी वाचली.

येणेप्रमाणे घट्ट कातळात पाणी शिरले नाही, वायू शिरला, आणि पंतांचा संशय दोहोंच्या पुढे गेला. धोंडा लोक आता चौकातून हलवू देत नाहीत. सबब एक विनंती, की त्या गर्दीत दिवाणसाहेबांच्या वहाणा गेल्या आहेत, संशय तूर्त सर्वांवर आहे. ज्या भक्ताने चुकून पायी घातल्या असतील त्याने निमूट आणून ठेवाव्या, डावी करकरते.