दादारावांनी निवडलेले शॉकअप

गाडीला धक्के झेलणारे शॉकअप कोणते बसवावेत, हे साऱ्या पांढुर्ण्यात फक्त आपल्यालाच कळतं, अशी दादाराव सोमकुवरांची खात्री होती. रेल्वेच्या डब्यांखाली शिरून स्प्रिंगा बदलण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. त्यामुळे त्यांच्या मुलानं, सुधाकरनं, आपल्या गॅरेजात एक गाडी बांधली आणि तिला जीपचे शॉकअप लावायला काढले, तेव्हा दादाराव जेवण अर्धं टाकून तिथं हजर झाले.

गाडी म्हणजे लिलावातल्या जीपचा सांगाडा. छप्पर नाही, दारं नाहीत, वर लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि खाली हत्तीच्या पायासारखी रुंद चाकं. परदेशी मासिकातल्या एका चित्रात अशी गाडी वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारताना सुधाकरनं पाहिली होती. आपल्याकडे तशा टेकड्या नव्हत्या, पण लोधीखेड्याच्या पुढे नदीचं रेताड पात्र होतं. त्या पात्रापलीकडे भाऊरावांचं घर होतं, आणि त्यांच्या मुलीला, इंदूला, सुधाकरसाठी पाहायला बापलेकांना रविवारी जायचं होतं.

दादारावांनी जीपचा शॉकअप जमिनीवर उभा धरून दाबला. तो दबला.

"हा तर दबते," ते म्हणाले.

"दबालेच पायजे, बाबा. तो नाही दबला तर धक्का आपल्याले बसन."

"जे दबते ते टिकत नाही."

मग त्यांनी कोपऱ्यातला ट्रकचा शॉकअप आणवला. त्यावर स्वतः भार दिला, शेजारच्या पानवाल्याला द्यायला लावला. शॉकअप तसूभर हलला नाही. सुधाकरनं सांगून पाहिलं की गाडीचं वजन खाटेएवढं, आणि ट्रकच्या शॉकअपला पाचसात टन माल लादल्याशिवाय वर कुणी बसलंय याचा पत्ताच लागत नाही. स्टेशनमास्तर प्रवाशाची तक्रार ऐकतो तसं दादारावांनी ते ऐकलं. गाडीला ट्रकचे शॉकअप लागले.

सुधाकरनं जास्त वाद घातला नाही, कारण त्याला वडिलांकडून दुसरंच काही मागायचं होतं. दादारावांच्या खरं बोलण्यापायी त्याची दोन लग्नं जुळता जुळता मोडली होती. सौसरच्या मंडळींना त्यांनी त्यांच्याच घराच्या छपराचं आढं वाकडं असल्याचं सांगितलं होतं, आणि बोरगावच्यांना मुलाच्या नापास होण्याचा सगळा इतिहास. यावेळी जरा कमी बोला, एवढीच विनंती सुधाकरनं केली. दादारावांनी शब्द दिला नाही.

सौसरपर्यंत दोघांचे दात एकमेकांवर वाजत होते. पुढं गाडी नदीत उतरली. बैलगाड्यांनी रेतीत वरंबे पाडले होते. पहिला वरंबा समोर आला तेव्हा दादाराव नेमके, "पाहा, कशी मजबूत..." असं म्हणत होते. गाडी अख्खी वर गेली आणि तशीच अख्खी खाली आली. मध्ये कुठंच काही दबलं नाही. दबली ती दादारावांची जीभ, दातांमध्ये.

"काय म्हनत होते, बाबा?" सुधाकरनं विचारलं.

दादारावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण जीभ चावल्याचं सांगितलं तर शॉकअप कुणी निवडले तेही निघालं असतं. त्यांनी हातानंच पुढे चल म्हणून खुणावलं.

भाऊरावांनी जय भीम केला. दादारावांनी नुसते हात जोडले. चहा आला; त्यांनी कप ओठाला लावला, कळवळले आणि खाली ठेवला. मिरचीचे पोहे आले. त्यांनी बशीच दूर सारली. भाऊरावांनी पांढुर्ण्यात आधीच चौकशी केली होती. मुलगा कष्टाळू, बाप मनाचा सरळ पण तोंड मिटत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. आणि तो माणूस इथं तासभर ओठ मिटून बसला होता. पाहुणे नाराज आहेत, असं दाराआडून शकुंतलाबाईंनी नवऱ्याला खुणावलं.

"आमी काई कमी करनार नाही," भाऊराव चाचरत म्हणाले. "पोराले घड्याळ देऊ."

वीस वर्षं विहारात हुंड्याविरुद्ध भाषणं केलेल्या दादारावांनी नको म्हणून जोरात मान हलवली.

"बरं, सायकलबी देऊ."

दादारावांनी दोन्ही हात हलवले.

भाऊराव लुना मोपेडपर्यंत आले. दादाराव उठून उभेच राहिले.

"बाबा, काय करून राहिले तुमी हे?" सुधाकर कुजबुजला. वडिलांनी आपलं ऐकून मौन धरलंय असं समजून तो इतका वेळ मनात सुखावला होता.

दादारावांनी हवेत बोट फिरवून कागद-पेन्सिल मागितली. आता यादी येणार, या विचारानं भाऊराव भिंतीला टेकले. कागद घेऊन इंदूच बाहेर आली. तिचा चेहरा तापला होता.

"लिवा," ती म्हणाली. "पन मी मोठ्यानं वाचन. साऱ्याईले आयकू द्या."

दादारावांनी लिहिलं. तिनं वाचलं, "जीभ चावली. शॉकअप मीच निवडले होते."

सुधाकरनं खिडकीबाहेर पाहिलं.

"घड्याळ नको. सायकल नको. लुना नको. हुंडा घेणाऱ्याच्या तोंडात माती."

शकुंतलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. भाऊरावांनी पाहुण्यांसाठी थंड दूध आणायला सांगितलं. दादाराव इथं थांबले असते तर सगळं छान झालं असतं. पण सकाळपासून तुंबलेल्या माणसाच्या हाती कागद लागला होता. तुमच्या दाराची चौकट उलटी बसवली आहे, असं त्यांनी लिहिलं. विहिरीचा रहाट एका अंगाला झुकला आहे, असंही लिहिलं. इंदू न अडखळता वाचत गेली. शेवटची ओळ होती, "मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास."

सुधाकरला वाटलं, झालं. हेही गेलं.

इंदूनं कागद खाली केला. "मी तीनदा," ती म्हणाली.

भाऊरावांनी कपाळाला हात लावला. ही गोष्ट घरात ठेवायची असं ठरलं होतं.

दादारावांनी कागद परत घेतला, खाली दोन शब्द लिहिले आणि तिच्यापुढे धरला. "पसंत. तुले?"

इंदूनं सुधाकरकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि मान डोलावत "हाव," म्हणाली.

परतताना दादाराव नदी पायी ओलांडून बसनं आले. सुधाकर गाडी घेऊन आला, पण रेतीतून त्यानं ती उभ्या उभ्याच चालवली.